फुलीखालचा माणूस

मी एक जुना लष्करी फोटो बोलतोय. माझ्यात एकतीस माणसं आहेत, तीन रांगा, आणि मधेच घुसलेलं पलटणीचं कुत्रं. कुत्रं हललं म्हणून त्याला दोन तोंडं आली. माणसं श्वास रोखून बसली होती, त्यांना एकेकच मिळालं.

छावणीच्या मैदानात माझा जन्म झाला. प्रत्येकाला एक प्रत मिळाली, आणि मी आलो भटारखान्यातल्या स्वयंपाक्याच्या वाट्याला. मागच्या रांगेत अगदी टोकाला, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे ना, तोच तो.

छावणीत एक रीत होती. कुणी मेला की प्रत्येकाने आपापल्या फोटोत त्याच्या डोक्यावर शाईने बारीक फुली मारायची. महिन्याभरात पुढच्या रांगेतला तिसरा गेला. देखणा, बंदूक आडवी धरून बसलेला. स्वयंपाक्याने माझ्यावर फुली मारली आणि मला ट्रंकेत ठेवलं. पुढच्याच आठवड्यात तोफेचा गोळा भटारखान्यावर पडला आणि स्वयंपाकीही गेला. आता याच्या डोक्यावर फुली मारायला ट्रंकेत कोण बसलं होतं?

ट्रंक घरी आली. आईने ती उघडलीच नाही. बहीण लग्न होऊन दूर गेली होती. तीस वर्षांनी पुतण्याने कुलूप तोडलं. त्याने काकाला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि घरात काकाचा दुसरा फोटोही नव्हता. पुतण्या शाळेत हेडमास्तर. जन्मभर चुकीच्या उत्तरांवर फुल्या मारल्या, पण माझ्यावरची फुली दिसताच त्याने तेच बरोबर उत्तर धरलं.

"हे आमचे काका! खूण करून ठेवलीय बघा."

मग मला चौकट मिळाली आणि बाहेरच्या खोलीत जागा. येणाऱ्या प्रत्येकाला चहासोबत लढाई पाजली जाई. पहिल्या वर्षी काकांनी तीन शत्रू लोळवले होते. परवा ऐकलं तर सतरा झाले होते. भिंतीवर लटकलेल्याने काय बोलावं?

पुढे ती बहीण नवरा गेल्यावर इथे राहायला आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हा कोण? हा माझा भाऊ नव्हे."

"आत्या, चष्मा बदला," हेडमास्तर म्हणाले. दरवर्षी ती तेच म्हणायची, आणि दरवर्षी तिला तोच चष्मा सांगितला जायचा.

यंदा घरात सून आली. बोलायला कमी, बघायला जास्त. त्याच सुमारास शाळेने ठरवलं की नव्या सभागृहात काकांचा मोठा फोटो लावायचा. स्टुडिओ सुनेच्या ऑफिसच्या वाटेवर होता, म्हणून मला तिच्या पिशवीत घातलं. दारातच आत्याबाईंनी तिला अडवलं.

"पोरी, डाव्या हाताची करंगळी बघ. लहानपणी मी रागाने दार आपटलं, त्यात तिचं टोक गेलं. त्यापायी त्याला बंदूक दिली नाही, झारा दिला. जन्मभर मनाला खातंय गं ते. मरायच्या आधी एकदा त्याचं तोंड दाखव मला."

स्टुडिओवाल्याने मला संगणकावर मोठं मोठं केलं. फुलीवाल्याची दहाही बोटं शाबूत होती. सून एकेका हातावरून सरकत मागच्या रांगेच्या टोकाला पोचली. शेजाऱ्याच्या खांद्यावर डावा पंजा, आणि करंगळी अर्धीच. वर दोन कान, सुपासारखे. अगदी तिच्या सासऱ्यांचे!

त्या चेहऱ्याच्या दोन प्रती काढून तिने एक सासऱ्यांपुढे ठेवली.

"बाबा, आपले काका हे आहेत."

"घ्या! कानामागून आली आणि तिखट झाली," सासूबाई म्हणाल्या.

हेडमास्तरांनी प्रत उचलून डोळ्यांजवळ नेली. त्यांचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला. त्यांना पटलं होतं, हे मी समोरून पाहिलं.

"पत्रिका छापून झाल्यात," ते म्हणाले. "आणि सभागृहात काय, झारेवाल्याला टांगू? पोरं हसतील."

"पण आपलं माणूस तेच आहे ना?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. विषय संपला."

दुसऱ्या दिवशी चौकटवाल्याकडून माझ्याभोवती नवा रुंद पुठ्ठा बसवून आणला. दिसायला शोभिवंत आहे. मागच्या रांगेचं टोक तेवढं त्याच्याखाली गेलं.

सभागृहातल्या कार्यक्रमात फुलीवाल्याच्या मोठ्या फोटोवरचा पडदा ओढायचा मान आत्याबाईंना दिला. नाही म्हणायची सोय नव्हती; खायला-प्यायला याच घरात होतं. परत येऊन त्या माझ्यासमोर बसल्या. सुनेने दुसरी प्रत त्यांच्या हातात ठेवली. भावाच्या तोंडावरून त्यांनी कितीतरी वेळ अंगठा फिरवला.

"हाच गं माझा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "आणि तो? त्याचीही कुणी बहीण असेल. तिला कुठे ठाऊक, तो कुठे टांगलाय ते."

सुनेने त्यांचा चष्मा पुसून दिला.

म्हणून तुम्हालाच सांगतो. तुमच्या घरचं कुणी पलटणीत गेलं आणि परतलं नसेल, तर एकदा येऊन मला बघा. पुढची रांग, डावीकडून तिसरा. ओळख पटली तर घेऊन जा त्याला. नाहीतर इथे तो परक्याच्या नावाने मिरवत राहील, आणि आमचा माणूस पुठ्ठ्याखाली.