नावाची ओळ

देवीदासमामाला ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं, मी ऐकवलं. पुढचं जे झालं त्याची सुरुवात माझ्यापासून आहे.

मी रेल्वेत क्लार्क. नागपूरहून नवनवे अल्बम मागवायचे, गिटार बडवायची, एवढंच माझं व्यसन. वेगळं राज्य होऊन सहा वर्षं झाली, रायपूर राजधानी झालं, पण इथं ब्लूजची सीडी मिळत नाही. मामा लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवतो आणि चाळीस वर्षं भीमगीतं लिहितो. एका रविवारी त्यानं नवा अल्बम डोळे मिटून पुरा ऐकला.

"इंग्रजी समजत नाही मले. पण हा एकच ओळ दोनदा काहून म्हणून राहिला?"

"रीत आहे मामा. दोनदा म्हणायचं, तिसरीत उत्तर द्यायचं."

"रीत नाही रे पोट्ट्या. पहिल्यांदा कोणी ऐकत नाही याचं."

पंधरा दिवसांनी मामाच्या कारखान्यातली भट्टी फुटली. मामानं वर क्रेनच्या केबिनमधून चार माणसं जळताना पाहिली. कारखान्यानं मेलेला एकच सांगितला. बाकी तिघं ठेकेदाराचे, हजेरीत नव्हतेच म्हणे. गेटवर चार मेले म्हणणारा वेल्डर आठवड्याच्या आत अभनपूरच्या रस्त्यावर ट्रकखाली सापडला. अपघात. आमच्याकडे अपघात फार वेळेवर होतात.

मामा मुकाट कामावर जात राहिला. मग एक दिवस त्यानं मला कागद दिला.

भट्टीपाशी चार गेले, कागदावर एक,
भट्टीपाशी चार गेले, कागदावर एक,
तीन दारं उघडीच हायेत, वाट कोणाची देख.

खाली चौथी ओळ होती. देवीदास म्हणे, डोळ्यानं पाह्यलं, बोलणं माझं नेक.

आमच्या जलशात शेवटी कवीचं नाव येतंच. नाव आलं की कवी गर्दीत उभा राहतो, हात जोडतो. नाव गाळणं म्हणजे चोरी.

त्याच महिन्यात समता कॉलनीतल्या हॉलमध्ये कलकत्त्याच्या बँडचा ब्लूजचा कार्यक्रम ठरला. त्याआधी वीस मिनिटं मला मिळाली. बॅनरवर प्रायोजक म्हणून त्याच कारखान्याचं नाव होतं. ते वाचूनच मी हो म्हटलं. परदेशातल्या मजुरांच्या दुःखावर माना डोलवणारे लोक पहिल्या रांगेत बसणार होते. म्हटलं, घ्या, हे घरचं दुःख.

मायामामीनं मला तिच्या दारातच अडवलं. घरासमोरच्या पानठेल्यापाशी तीन दिवसांपासून एक पांढरी बोलेरो उभी होती. मामी तिच्याकडे पाठ करून बोलली.

"गाणं गा. नावाची ओळ सोड. नाव निघालं तर तुझा मामा क्रेनवरून जिवंत उतरत नाही."

"सोडतो मामी."

मामानंही मान हलवली. "हव, सोड. आणि मी काही तिथं येत नाही."

ढोलकीला मामाच्या जलशातले नाना होते. मामाचं गाणं त्यांना चारही ओळींसकट पाठ होतं. त्यांना मी एवढंच सांगितलं की शेवटी मी नुसती गिटार वाजवणार. कारण सांगितलं नाही. जितक्या कमी कानांत तितकं बरं, असं मला वाटलं. अक्कल माझी.

रविवारी दुपारी हॉल भरला. पहिल्या रांगेत कारखान्याचा सिक्युरिटी अफसर, मांडीवर डायरी. मी पहिली ओळ म्हटली. कोणी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा म्हटली. हॉल गप्प झाला. तिसऱ्या ओळीला अफसरानं पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात मला मागच्या भिंतीपाशी मामा बसलेला दिसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. आपलं गाणं ऐकल्याशिवाय त्याला राहवलं नव्हतं.

चौथ्या ओळीच्या जागी मी गिटार वाजवली. नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, नुसती गिटार नावाच्या ओळीनंतर; पोट्टा ओळच विसरला. त्यांनी ढोलकीवर थाप मारली, माईककडे वाकले आणि जलशात म्हणतात तशी, खणखणीत, ती ओळ म्हटली.

"देवीदास म्हणे..."

मी त्यांचा आवाज बुडवायला गिटार जोरात छेडली. तार तुटली. नानांचा आवाज तुटला नाही.

मागे मामा उभा राहिला. चाळीस वर्षांची सवय. नाव आलं, माणूस उठला, हात जोडले गेले. मग त्याच्या लक्षात आलं, पण हात तसेच राहिले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अफसरानंही वाजवल्या. खुर्चीत सावकाश मागे वळला, मामाला नीट पाहून घेतलं, आणि हसून मला म्हणाला, "बढ़िया था भैया. कल इनकी कौन सी शिफ्ट है?"