पाळीकडून आलेली हाक

हिमांशुला लाज फार. तशी ती त्याच्या गावातल्या सगळ्याच पुरुषांना होती, पण याची जरा उतू जाणारी. लग्नाला वर्ष होत आलं तरी बायकोला बोलवायचं म्हटलं की हा दारात उभा राहून खाकरायचा, नाहीतर भिंतीकडे बघत म्हणायचा, "आयकून राहिली का?" भिंतीने ऐकलं नाही तर पुन्हा खाकरायचा.

बायकोचं नाव डिलेश्वरी. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीची. माहेरी तिला गल्लीतल्या पोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे नावाने हाक मारत. नवेगावबांधच्या अलीकडच्या या खेड्यात आली आणि ती झाली सासूची सूनबाई, नणंदेची वहिनी. एकदा अंगणात भांडी घासताना ती नवऱ्याला म्हणाली, "या घरात माझं नावच कोनी घेत नाही. मलेच विसर पडून राहिला. मले साडी नको, झुमके नको. एक डाव साऱ्यांसमोर नावानं आवाज द्या. बस."

बोलताना ती हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. "देईन," तो म्हणाला, "मंडईच्या दिवशी देईन." मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, अजून लांब होती. म्हणून तर इतक्या झोकात बोलला.

दिवस काही कोणासाठी थांबत नाहीत. दिवाळी झाली, मंडई आली, आणि यंदा मंडईत रातभर चालणाऱ्या नाटकाऐवजी बाहेरगावच्या कंपनीने नवाच खेळ आणला. गावातल्या पोरासोरांनी मोबाईलवर शंभरदा पाहिलेल्या एका कार्टून सिनेमाचं संगीत नाटक. पोरांसाठी म्हणून खेळ दिवेलागणीलाच. गोष्ट साधी होती. पाण्याखाली राहणारा एक राजा काठावरच्या माणसांना नाव घेऊन बोलावतो. जो 'ओ' देतो तो त्याचा होतो. शेवटी एक पोरगी त्याच्या तावडीतून सगळ्यांना सोडवून आणते आणि मासेबिसे मिळून नाचतात.

हिमांशुने खुर्चीची दोन तिकिटं काढली. शेजारी शेजारी. त्याच्या घरात नवरा-बायको असे खुर्चीला खुर्ची लावून कधी बसले नव्हते. मोबाईलवर याला 'डेट' म्हणतात हे त्याला ठाऊक होतं आणि नुसत्या विचाराने त्याचे कान तापत होते. डिलेश्वरीने हिरवी साडी नेसली, मोगऱ्याचा सेंट लावला. सासू सुमित्राबाई ओसरीवरून म्हणाली, "जा बापा, पाहून या. पण मंडप पाळीखाली कायले टाकला त्याहीनं? अन् ते नाचायचं ठिकाण पाण्याकडं पाठ करून?"

म्हातारीचं बोलणं उगाच नव्हतं. गावाला लागून जो तलाव आहे तो यांच्याच पूर्वजांनी खणलेला, त्याच्या मातीच्या बांधाला इथे पाळ म्हणतात, आणि त्या तलावाचा एक दंडक आहे. दिवस मावळल्यावर पाळीकडून येणारा माणूस आधी स्वतःचं नाव सांगतो, मग दुसऱ्याला हाक मारतो. "मी दुधराम, ओ केवळराम!" असं. स्वतःचं नाव न सांगता पाळीकडून हाक आली तर कोणी ओ देत नाही, मग आवाज सख्ख्या भावाचा का असेना. का, हे कोणी विचारत नाही. हिमांशुलाही हे पाळण्यातच शिकवलेलं. बायकोला मात्र त्याने ते कधी सांगितलं नव्हतं. शहराकडची पोरगी आपल्याला अडाणी म्हणेल, ही भीती.

मंडपात शिरताना त्याला स्वतःचं वचन आठवलं. इतक्या लोकांत, काका-मामांसमोर, बायकोचं नाव? त्याने एक शक्कल काढली. पडद्यामागे जाऊन कंपनीचे मॅनेजर भैयाजी यांना गाठलं. "राजा जेव्हा लोकांची नावं घेते ना, तेव्हा एक नाव आमचंही घ्या. डिलेश्वरी." भैयाजींनी पान चघळत मान हलवली. "हो जाएगा, भाऊ. मी स्वतः माईकवरून घेतो." हिमांशु खूश. सोनारानेच कान टोचलेले बरे, असं मनाशी म्हणत तो परत आला. अरे शहाण्या, कान टोचायला सोनार चालतो, बायकोला हाक मारायला चालतो का?

खेळ मात्र रंगला. थर्माकोलचे मासे, चिप्सच्या पुड्या उलट्या करून शिवलेले खवले, हार्मोनियम आणि ढोलकी. डिलेश्वरी पोरांच्या बरोबरीने टाळ्या पिटत होती. अंधारात तिने हळूच त्याची करंगळी धरली. हिमांशुला इतकं बरं वाटलं की राजा यायची वेळ झाली तेव्हा तिथे बसवेना. ती लाजली, ओरडली, रडली तर? "भजे आनतो," म्हणत तो उठला आणि मंडपाच्या मागच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

निळा उजेड पडला. राजा आला. मुखवट्याआडून त्याने गावातली दोन-चार नावं घेतली, पोरं खिदळली, पण एकानेही ओ दिला नाही. या गावची पोरं ती. खेळातसुद्धा ओठ मिटून बसली.

मग राजा गप्प झाला. ढोलकीही थांबली. आणि राजाच्याही मागून, पडद्याच्या पलीकडून, पाळीच्या बाजूने हाक आली.

"डिलेश्वरीऽऽ"

हिमांशुच्या हातातला भज्यांचा कागद निसटला. आवाज त्याचाच होता. तोच जरासा चिरकणारा गळा. फक्त त्यात लाज नव्हती. इतक्या मायेने त्याने उभ्या जन्मात कोणाला बोलावलं नव्हतं.

खुर्च्यांच्या ओळीत डिलेश्वरी ताडकन उभी राहिली. तिचा चेहरा दिव्यासारखा उजळला होता. सगळ्या गावासमोर ती खणखणीत बोलली, "ओ!"

म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडाला लावले. मग ढोलकी पुन्हा सुरू झाली आणि खेळ पुढे सरकला.

सुटल्यावर भैयाजी गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी हिमांशुला बाजूला घेतलं. "माफ करना भाऊ. गेटवर तिकिटावरून झगडा झाला, मी तिकडेच अडकलो. तुमचं नाव घ्यायचं राहूनच गेलं."

हिमांशुने वळून पडद्यापलीकडच्या पाळीकडे पाहिलं. तो काही बोलणार तोच डिलेश्वरी धावत आली. "तुमी मागं जाऊन बोलले ना? मले वाटलंच! किती गोड आवाज दिला हो." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. वर्षभरात तिने त्याच्याकडे असं कधीच पाहिलं नव्हतं.

इथे खरं बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण फुकटचं कौतुक भल्याभल्यांना सोडवत नाही, तिथे हिमांशुची काय कथा.

"हो," तो म्हणाला. "मीच."

त्यानंतरचे दिवस वरवर सुखाचे गेले. डिलेश्वरी गुणगुणत कामं करायची. पण सासूने सूनबाई म्हणून हाक मारली की ऐकू न आल्यासारखी बसून राहायची. हिमांशु खाकरला तरी वळायची नाही. आणि दिवेलागणीला अंगण झाडता झाडता मधेच थांबून पाळीकडे तोंड करायची अन् लाडाने म्हणायची, "ओ!" मग वळून नवऱ्याला दटावायची, "किती डाव बोलावता? येऊन तर राहिली." नवरा तिच्या समोरच बसलेला असायचा, तोंड मिटून.

एका संध्याकाळी ती घागर न घेताच पाळ चढू लागली. हिमांशुने धावत जाऊन तिचा हात धरला. हात गार होता, चिखलासारखा. त्या दिवशी त्याने आईपुढे सगळं ओकून टाकलं.

सुमित्राबाई म्हणाली, "त्यानं पयले आपलं नाव सांगतलं का?"

"नाही."

"अन् तू? तू कधी तिले नावानं बोलावलं?"

"एक डावही नाही."

"मंग तिचा ओ घरात कोनी मांगतलाच नाही ना रे. ज्यानं मांगतला त्याले तिनं देला. उद्या उजेडी बोलाव. साऱ्यांसमोर. पयले तुह्यं नाव, मंग तिचं. तिनं ओ देला तं आपली."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर हिमांशु अंगणात उभा राहिला. ओसरीवर बाप दुधराम, आई आणि बहीण. कुंपणापलीकडे शेजारी. डिलेश्वरी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून लाखोरीची भाजी निवडत होती, कोवळे शेंडे सुपात टाकत. त्याला आता लाज आठवतही नव्हती. आपण हिच्यावर किती जीव लावून बसलो आहोत हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि इतके दिवस ते साध्या एका नावात सांगता आलं असतं हेही कळलं.

"मी हिमांशु," तो छाती फोडून ओरडला. "ओ डिलेश्वरीऽऽ!"

"ओ!"

लाडिक, स्पष्ट, तिचाच आवाज. ओसरीवर सुमित्राबाईने डोळे मिटून घेतले, कारण तो आवाज अंगणातून आला नव्हता. तो पाळीच्या पलीकडून, पाण्यावरून आला होता.

सुपावर वाकलेल्या बाईने मान वर केली. तिने एकेकाकडे पाहिलं, मग हिमांशुकडे पाहिलं, आणि परक्या माणसाला विचारावं तसं अदबीने विचारलं,

"कोनाले आवाज देऊन राहिले जी तुमी?"