काठाची रोपं

सकाळपासून ताईचा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी धाकटी बहीण जमीन विकायच्या कागदावर सही करणार होती, आणि ती सही थांबवायची तर हातात काहीतरी ठोस हवं होतं. धाकटीच्या शेताला लागून एके काळी बॅटऱ्यांचा कारखाना होता. तो कधीच बंद पडला, पण त्याचं कॅडमियम मातीत ठाण मांडून बसलं. भात यायचं जोमात, दिसायला देखणं, आणि दाण्यात विष. तपासणीनंतर ते विकायची सोय उरली नाही. आता एक गोदामवाला जमीन घ्यायला तयार होता. तो तिथे काँक्रीट ओतणार होता.

ताई भातावर काम करणारी संशोधक. दाण्यात कॅडमियम चढू न देणारं वाण शोधणं हा प्रयोगशाळेचा विषय होता आणि ताईचा ध्यास. कुंड्यांत मातीसुद्धा तिने धाकटीच्याच शेतातली भरली होती.

रोपं निवडायची तिथली रीत सोपी होती. कॅडमियमच्या पाण्यात जे रोप हिरवंगार राहील ते पुढे, जे खुरटेल ते बाद. बाद रोपं मात्र फेकत नसत. निवडलेल्या कुंड्यांच्या भोवती त्यांचं कडं लावत, म्हणजे कडेचा वारा-झोत त्यांनी खायचा आणि आतल्या लाडोबांना सगळीकडून सारखं हवामान मिळायचं. यंदा हे कडं एकाच बाद वाणाचं होतं. काठाच्या रोपांचं माप कोणी घेत नसे. त्यांच्या दाण्यांचं एक पाकीट भरून वर 'काठ' असं लिहायचं, की विषय संपला.

पण काल तपासणीच्या नळ्या भरताना त्या ठेवायच्या घोडीत एक जागा रिकामी राहिली होती. धातू मोजायच्या मशीनवर जो बसायचा, त्याला सगळे इन्स्पेक्टर म्हणत. त्याचा एकच हेका होता, घोडी पूर्ण भरल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. ताईने काठाच्या पाकिटातले थोडे दाणे कुटले, आम्लात विरघळवले आणि शेवटची नळी भरून टाकली. वैतागून, दुसरं काही नाही.

आज आकडे येऊ लागले. पहिला लाडोबा नापास. दुसरा नापास. जो सगळ्यात देखणा, ज्याचा फोटो प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी आपल्या खोलीत लावला होता, तो तर सगळ्यात जास्त विषारी निघाला. ताईने हातपाय गाळले. धाकटीला फोन करून काय सांगायचं, याची वाक्यं ती मनात जुळवू लागली.

"शेवटच्या नळीत तू पाणी भरलंयस," इन्स्पेक्टर म्हणाला. "मला गप्प बसवायला."

"नाही हो. काठाचे दाणे आहेत."

"मग कॅडमियम कुठे गेलं?"

ती उठून पडद्यापाशी गेली. जस्त होतं, लोह होतं, म्हणजे पाणी नव्हे, दाणाच. फक्त कॅडमियम जवळपास नव्हतंच. "पुन्हा लावा," ती म्हणाली. इन्स्पेक्टरने, काय आश्चर्य, घोडी अर्धी रिकामी असताना मशीन लावलं. आकडा तोच आला.

मग ती जी धावत सुटली ती थेट काचघरात. कापणी झालेल्या काठाचे बुडखे अजून उभे होते. तिने निरनिराळ्या जागचे चार उपटले, मुळं धुतली, आणि विरघळवायला लावली. तेवढ्या वेळात तिने संगणकावर जुनी मापं उघडली. रोपं बाद करण्याआधी प्रत्येकाच्या मुळात कुठला जनुक किती चालतोय, हे पाहून ठेवलेलं होतं. मुळाच्या पेशीत एक कोठी असते, आणि एक जनुक असा असतो की तो हमाल घडवतो. हमालाने धातू उचलायचा, कोठीत टाकायचा. या खुरट्या वाणात तो जनुक नुसता धो धो चालत होता. आजारी रोप आहे, कण्हतंय, असं म्हणून तेव्हा ताईनेच तो आकडा बाजूला सारला होता.

कण्हत कसलं होतं, राबत होतं. सगळं ओझं मुळात धरून ठेवायचं म्हणून ते खुरटलं. आणि जे हिरवेगार मिरवत होते, ते आपली पीडा वर दाण्यात ढकलून मोकळे होत होते. दिसतं तसं नसतं, हे शाळेत पाठ केलेलं, आणि आम्ही इतकी वर्षं गोरंगोमटं पाहून सोयरीक जुळवत बसलो. ताईला हसूही येत होतं आणि स्वतःचा रागही.

मुळांचे आकडे आले. चारही मुळं कॅडमियमने ठासून भरलेली. इन्स्पेक्टर खुर्चीवरून उठून उभा राहिला.

ताईने फोन लावला. घाईत पहिल्यांदा भलताच नंबर लागला.

"सही केलीस?"

"पेन हातात आहे. हे लोक समोर बसलेत. का ग?"

ताईने एका दमात सगळं सांगितलं. भात बुटकं राहील, पिकाचा उतारा कमी पडेल, पण दाणा स्वच्छ. तिला वाटलं, धाकटी आनंदाने रडेल.

"म्हणजे विष मुळात राहतं," धाकटी सावकाश म्हणाली. "मूळ माझ्या शेतात राहतं. मग गेलं कुठे ते, ताई?"

"कापणी झाली की मुळं उपटून बाहेर न्यायची, जाळायची नाहीत. दर हंगामाला थोडं थोडं निघेल."

"किती वर्षं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "पुष्कळ. तुझ्या मुलीलाही उपटावी लागतील."

पलीकडून धाकटीचा आवाज आला, पण तो ताईसाठी नव्हता. "हे घ्या तुमचं पेन. चहा मात्र पिऊनच जा." आणि मग फोनमध्ये, "बी कधी देतेस?"

"मूठभरच आहे ग. आधी वाढवावं लागेल."

"वाढव. जमीन कुठे पळून चाललीय?"

फोन ठेवून ताईने ते पाकीट पुढे ओढलं. आत खरंच मूठभर दाणे उरले होते. तिने 'काठ' हा शब्द खोडला आणि त्याखाली बहिणीचं नाव लिहिलं.