लिओनार्डाच्या मांडवावरची घोसाळी

लिओनार्डा मार्चमध्ये गेली. जून लागला तशी कासिमीरोनं ती लावायची त्याच जागी घोसाळ्याची बी लावली. बायकोनं पिकवलेली घोसाळी त्यानं चाळीस वर्षं खाल्ली होती. लावली मात्र एकदाही नव्हती. तरी बिया रात्रभर भिजवल्या, विहिरीशेजारी दोन आळी केली, बांबूचा मांडव उभारला आणि डुकरांचं खत अगदी सढळ हातानं घातलं.

वेल मांडवभर पसरला. पानं ताटाएवढी झाली. ऑगस्टमध्ये पिवळी फुलं आली आणि रोज दुपारी गळून पडू लागली. घोसाळं एकही धरेना.

आम्ही शेजारी येता-जाता सल्ले द्यायचो, पण खरं कळणारी गावात आता एकच उरली होती : लिओनार्डाची धाकटी बहीण पुरिसिमा. दोन गल्ल्या पलीकडे राहायची. पण बहिणींचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा पुरिसिमा परदेशी, हवाई बेटांवर कामाला होती. 'येते, येते' म्हणत राहिली आणि पोचली ती आईला पुरल्यावर. तेव्हापासून लिओनार्डानं तिच्याकडे पाहिलं नाही. रविवारी दोघी एकाच चर्चमध्ये, एक डावीकडे, एक उजवीकडे. लिओनार्डासाठी नऊ दिवस प्रार्थना झाली, तेव्हाही पुरिसिमा उंबऱ्याबाहेरच बसली.

एका सकाळी कासिमीरो टोपी हातात धरून तिच्या दारात उभा राहिला.

"पुरिसिमा, वेलाला फळ धरत नाही."

"नऊ वर्षांनी दारात आलात दाजी, तेही घोसाळ्यासाठी?"

"हो."

तिनं चपला घातल्या.

मांडव पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वेल पोसलात की रेडा? खत बंद करा आता. नुसता पाला माजलाय." तिनं पटापट शेंडे खुडले. "बाजूच्या फांद्या फुटल्या की मादी फुलं येतील. फुलामागं करंगळीएवढं घोसाळं दिसलं की ते मादी. ही घोसानं आलीत ती सगळी नर."

"म्हणून गळतात?"

"गळणारच. नुसतं मिरवून झालं की पुरुषांना दुसरं काय काम!"

कासिमीरो हसला. लिओनार्डा गेल्यापासून आम्ही त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी मादी फुलं आली. मधमाश्या कमीच होत्या, म्हणून पुरिसिमा रोज सकाळी यायची, नर फूल तोडून पाकळ्या काढायची आणि मधला परागाचा भाग मादी फुलावर हलकेच टेकवायची. एकदा पाठमोरी असतानाच तिनं विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायची का ताई?"

खोटं बोलावं असं कासिमीरोला फार वाटलं. जमलं नाही.

"नाही."

"नावसुद्धा नाही?"

"नाही."

तिनं उरलेली तीन फुलं पुरी केली, विहिरीवर हात धुतले आणि गेली. पुढचे चार दिवस फिरकली नाही. कासिमीरोनं आपल्या जाड बोटांनी फुलं टेकवली, दोन मोडली.

पाचव्या दिवशी तो वीतभर लांबीची कोवळी घोसाळी घेऊन तिच्याकडे गेला. "पहिल्यांदा धरलीत. आधी तिच्या फोटोपुढं वाटा ठेवायला हवा. मला रांधता येत नाही."

पुरिसिमाचे डोळे सुजलेले होते. ती सोलायला बसली. मग म्हणाली, "ताईला सुकी कोळंबी घातलेली आवडायची, की नुसती?"



"मला कोळंबी आवडते, म्हणून ती घालायची," तो सावकाश म्हणाला. "तिला काय आवडायचं ते मी कधी विचारलंच नाही. तुला आठवत असेल. लहानपणचं."

"लहानपणी जे मिळेल ते खायचो, दाजी. आवडनिवड कुठली!"

सुरी हातात तशीच धरून ती रडू लागली. तो पायरीवर बसून स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

शेवटी तिनं दोन पातेली चढवली. एकात कोळंबी घातली, एकात नाही. कासिमीरोच्या घरी लिओनार्डाच्या फोटोपुढं भाताबरोबर दोन बशा मांडल्या. वाफ विरेपर्यंत दोघं तिथंच उभी होती.

"बसा दाजी," पुरिसिमा म्हणाली. "जेवून घ्या."