तिसरा नकार

१४ नोव्हेंबर २०१४, शुक्रवार, दुपारचे साडेचार. त्या वेळी माझ्या अंगावर चोवीस चित्रे होती.

मित्रांनो, मी एक जुना चित्रफळा आहे. समुद्रकाठच्या स्फॅक्स शहरातले सुतार तिजानी यांनी मला ऑलिव्हच्या लाकडातून घडवले. माझ्या कडा त्यांनी तीनदा घासल्या, कारण त्यांची नात दुर्रा हिची बोटे माझ्यावरून फिरणार होती. दुर्रा स्वमग्न होती आणि तोंडाने बोलत नसे. पाणी, पाव, 'कान दुखतो', 'एकटी राहू दे' अशा चोवीसही चित्रांवर ती बोट ठेवी आणि घर ऐके. "हे पोरीचं तोंड आहे, जपा," असे सांगून आजोबांनी डोळे मिटले.

त्या शुक्रवारी कुसकुस खाऊन झाल्यावर दुर्राची मावशी हयात मला निरखू लागली. तिची मुलगी इब्तिहालही स्वमग्न होती. पण ती अखंड बोले, आणि शहरातील सगळ्या बसगाड्यांच्या वेळा तिला पाठ होत्या.

"किती सुबक फळा गं, वसीला!"

"आवडला? मग तुझाच, ताई," दुर्राची आई म्हणाली.

"छे गं, पोरीचा आहे तो."

"घे ना. दोघी पोरींचं दुखणं एकच तर आहे."

"नको, नको."

"ताई, माझी शपथ."

पाहुण्याने वाखाणलेली वस्तू देऊ करायची आणि पाहुण्याने ती तीनदा नाकारायची, ही आमच्याकडची रीत. वसीला तिसऱ्या नकारावर विसंबली होती. तो आलाच नाही. दिलेला शब्द मागे घेता येईना. जे हात रोज माझी धूळ पुसत, त्यांनीच मला खिळ्यावरून उतरवले. दुर्रा समोरच उभी होती. तिला कोणी विचारले नाही.

मावशीच्या घरी इब्तिहालने मला उलटसुलट पाहिले.

"हे मला कशाला? पाणी हवं असलं की मी पाणी म्हणते."

"अगं, तुझ्यासारख्या मुलींसाठीच असतं ते."

"दुर्राला बोलता येत नाही, मला गप्प बसता येत नाही. सारख्या कुठून? आई, तू तिचं तोंड उचलून आणलंस."

हयातने मला दाराआड भिंतीकडे तोंड करून ठेवले. सत्तेचाळिसाव्या दिवशी इब्तिहालने मला काखेत मारले आणि आठ वाजून दहा मिनिटांच्या बसने परत नेले. वसीलाने मान खाली घातली.

"तीन दिवस कान ठणकत होता तिचा. रिकाम्या खिळ्याखाली बोट ठेवून उभी राहायची. मला वाटलं, हट्ट करतेय."

मित्रांनो, दुखण्याचे नाव एक असले म्हणून माणसे एक होत नाहीत. कोणाची वस्तू देण्यापूर्वी त्यालाच विचारा, मग त्याचे उत्तर बोटात का असेना.

मला परतून आज शंभर दिवस झाले. दुर्राने प्रथम बोट ठेवले ते 'एकटी राहू दे' या चित्रावर. ती आता वापरते ती चित्रे: चोवीसपैकी तीन.