तीस मीटरच्या टोकाला

मित्रांनो, रस्त्यावरच्या खड्ड्यापाशी उभा करतात ना, तसा मी एक शंकू. नारंगी, प्लास्टिकचा आणि आता बराच जुना. साच्यातून निघालो तेव्हा आम्ही पन्नासजण एकात एक बसलो होतो. बाकीचे महामार्गावर गेले. मला अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, एका रुग्णालयातल्या लांब मार्गिकेच्या टोकाला उभे केले. तिथे मी अकरा वर्षे काढली.

तिथे येणाऱ्यांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असत. त्यांतून रक्त ढकलताना हृदय थकून जाई. अशांना सहा मिनिटे चालवत. तीस मीटर यायचे, मला वळसा घालायचा, परत जायचे. किती मीटर झाले ते चाचणी घेणारा टॉड बोप्रे लिहून घेई. एक मोठा अभ्यास चालू होता: हजारभर रुग्णांपैकी कोण कोणते औषध घेतो आणि त्याचे पुढे काय होते, याच्या नोंदींचा. अभ्यासाने औषध ठरवायचे नाही, फक्त पाहायचे. माझेही तेच काम. "हा एकटाच कधी रजा घेत नाही," असे टॉड माझ्याबद्दल म्हणे, तेव्हा मला फार बरे वाटे.

टॉड दुसऱ्या टोकाला थांबे. सोबत चालले तर रुग्णाचा वेग बदलतो, म्हणून तसा नियमच होता. त्यामुळे वळतानाचा चेहरा फक्त मला दिसे.

आयली कोस्केला चार वर्षे येत होती. गोळ्या पुरेनाशा झाल्या, तर तिला छातीतल्या नळीतून अखंड औषध सोडणारा पंप लागणार होता. पंप लागला की पोहणे बंद. आणि आयली दर उन्हाळ्यात नातीला घेऊन तळ्यात उतरे.

"आयली, आज पळायचं नाही हं. मागच्या वेळी वाटलं, तुमची बस चुकतेय," टॉड तिला चिडवे.

"तू गप घड्याळ बघ. तुझ्या आजीलाही हरवेन मी."

"माझी आजी हरायला लागली की लबाडी करते."

"मग आमचं छान जमेल!"

एका मे महिन्यात चौथ्या वळणावर ती माझ्यापाशी थांबली. तोंड उघडे, डोळे मिटलेले, मानेची शीर टरारून फुगलेली. तिने माझ्या डोक्यावर हात टेकला.

"थांबलात तरी चालेल. जमेल तसं पुढे चला," टॉडने लांबून ठरलेले वाक्य म्हटले.

"काही नाही रे! बुटाची नाडी सुटली!"

ती वाकली. तिच्या बुटांना नाडी नव्हतीच, चिकटपट्टी होती. वाकल्यावर श्वास आणखी कोंडला. "बोलू नकोस हं," ती माझ्यापाशी पुटपुटली.

मी काय बोलणार? मला पडताही आले नाही. पडलो असतो, तर टॉड धावत आला असता. पण माझा तळ रुंद आहे. मी पडू नये म्हणूनच मला तसे घडवले आहे.

तीनशे बावन्न मीटर झाले. मागच्यापेक्षा चारच कमी. शेवटी सगळेच धापा टाकतात, म्हणून टॉडला वेगळे काही वाटले नाही.

"दम किती लागला? शून्य ते दहा?"

"तीन."

त्याने शेऱ्यात 'बुटाची नाडी सुटली' असे प्रामाणिकपणे लिहिले. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर स्ट्रँड नुसत्या आकड्यावर कधी निर्णय घेत नसत. पण आयलीही "मस्त आहे मी" म्हणत होती. गोळ्याच चालू राहिल्या.

जुलैत ती तळ्यात उतरली. ऑगस्टमध्ये तिच्या घरून फोन आला.

"स्थिर होती ती. अशी अचानक कशी गेली?" डॉक्टर माझ्या शेजारी उभ्या राहून टॉडला विचारत होत्या. अचानक नव्हते, हे मला माहीत होते. पंप लागला असता तर ती वाचली असती का, ते मात्र मलाही माहीत नाही. अभ्यासात तिची ओळ तशीच राहिली: गोळ्या, तीनशे बावन्न, दम तीन.

आता मला तडा गेला आहे. मी फरशी पुसायच्या बादलीशेजारी, कपाटात असतो.

मित्रांनो, नियम चुकीचा नव्हता आणि टॉडही निष्काळजी नव्हता. पण कुणी लांबून "काही नाही रे" म्हणाले, तर मोजणी संपल्यावर तेवढे अंतर चालत जा आणि जवळून पुन्हा विचारा. मी अगदी जवळ होतो. मला फक्त विचारता येत नव्हते.