अपशकुनी साडी

आमच्या गल्लीचा यंदाचा बडग्या पाहून लोकं वाहवा करून राहिले होते, अन् मले ओकारी येत होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, साऱ्या गावची इडापिडा घेऊन जाणारी बाईची मोठी पुतळी. तिच्यासंगं बडगे, म्हणजे चिंध्या-कामट्यांचे मोठाले पुतळे. ज्या गोष्टीची किळस येते तिचा पुतळा करायचा, शिव्या घालत फिरवायचा अन् शेवटी जाळायचा. आमच्या मंडळाचा अध्यक्ष माझा सख्खा भाऊ, महादेवराव. त्यानं यंदा बनवली पोटातल्या पोरी मारणारी सासू. लाल जीभ, मोठाले दात, गळ्यात पाटी: 'मुलगी वाचवा'.

वा रे वा! घरात याची सून भूमिका, चौथा महिना लागलेला. पहिली पोरगी आहे. दादानं दूरच्या गावचा एक डॉक्टर हुडकून ठेवला होता. मारबत झाली का संध्याकाळी गाडी काढायची, तपासायचं, अन् पोरगी निघाली तर तिथंच मोकळं व्हायचं. भूमिका रडून रडून अर्धी झाली होती. तिचा नवरा अश्विन मोबाइलमधून मान वर करत नव्हता. नामर्द मेला!

मी विधवा, भावाच्या घरी राहणारी. माझं कोण ऐकते?

सकाळी बडग्याले नेसवलेली साडी पाहिली अन् माझं डोस्कंच फिरलं. हिरवी, लाल काठाची, भूमिकाच्या पहिल्या ओटभरणाची.

"वहिनी, हे साडी काहून दिली वं?"

"अपशकुनी आहे ते," वहिनी म्हणे. "ते नेसली अन् पोरगी झाली. जळू दे एकडाव."

पोरी मारणारीचा पुतळा, अन् त्याच्या अंगावर पोरगी झाली म्हणून टाकून दिलेली साडी! शी! त्या माणसांच्या ताटात मी जेवत होती, याचीच मले घाण वाटली.

मिरवणूक दारासमोर थांबली. दादा माइकवर ओरडे, "पोरी मारणाऱ्यायले..." अन् सारी गल्ली म्हणे, "घेऊन जा गे मारबत!"

मी गर्दीत घुसली अन् त्याच्या हातचा माइक हिसकला.

"आज संध्याकाळी सुनेचं पोट तपासाले नेणाऱ्या महादेवरावले..."

लोकं आधी हसले. मंग दादाकडे वळून पाहू लागले. दादाचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"यमे, घरात चाल! नाही तर आजपासून तुले या घरात जागा नाही."

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आवाज आला, फाटका पण मोठा. भूमिका. कडेवर पोरगी.

"घेऊन जा गे मारबत!"

मंग शेजारच्या बाया ओरडल्या. मंग पोट्टे. दादाच्याच मंडळाचे पोट्टे! भूमिका खाली आली, तरातरा बडग्यापाशी गेली अन् साडी ओढून काढली. आत निस्त्या कामट्या अन् तणीस.

संध्याकाळी गाडी दारात उभी होती. भूमिका बसली नाही. तिनं ते साडी धुतली अन् गॅलरीत वाळत घातली, येणाऱ्याजाणाऱ्याले दिसल अशी.

मी माझं गाठोडं बांधून पायरीवर बसली होती. दादा खाली उभा राहून त्या साडीकडे पाहे.

"इज्जत घालवली तुम्ही दोघीनं," तो म्हणे.

इज्जत म्हणे! मी तिथंच, त्याच्या पायापाशी थुंकली.